पेट्रोलवर चालणारे नवे लाकूडफोडणी यंत्र: जुळवणी, बिघाडांचा शोध आणि सोयीचे फेरफार

पेट्रोल इंजिनावर चालणारे लाकूड फोडण्याचे यंत्र, ज्याला बाजारात लॉग स्प्लिटर म्हणतात, ते खोक्यातून काढले आणि लगेच कामाला लावले असे होत नाही. बहुधा इंजिनात तेल भरलेले नसते, हायड्रॉलिक तेलाची टाकी रिकामी असते, नळ्यांच्या तोंडांवर वाहतुकीसाठी लावलेली प्लॅस्टिकची बुचे तशीच असतात आणि काही नट नुसते हाताने फिरवून ठेवलेले असतात. नवशिक्याला सुरुवातीला जे बिघाड वाटतात, त्यांतले बरेचसे यांपैकी एखादी गोष्ट राहून गेल्याने उद्भवतात. म्हणून या लेखात आधी जुळवणी, मग बिघाड आणि सर्वांत शेवटी फेरफार असा क्रम ठेवला आहे. हा क्रम उलटा करू नये, असे माझे ठाम मत आहे. यंत्र मुळात ठीक चालते की नाही हेच ज्याला अजून ठाऊक नाही, त्याने त्यावर चौधारी पाचर किंवा मोठा पंप चढवला, तर पुढे येणारी अडचण मूळची की आपण ओढवून घेतलेली, हे त्याला कधीच कळत नाही.

यंत्राच्या पोटात काय चालते

इंजिन पंप फिरवते. पंप टाकीतले तेल ओढून व्हॉल्व्हकडे ढकलतो. व्हॉल्व्हची लिव्हर पुढे केली की ते तेल सिलिंडरमध्ये दट्ट्याच्या मागे जाते, दट्ट्याचा दांडा बाहेर सरकतो आणि ओंडका पाचरीवर दाबला जातो. लिव्हर मागे केली की तेल दट्ट्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन दांडा आत येतो. इतपत सर्वांना समजते. बिघाड शोधताना ज्याचा खरा उपयोग होतो ती गोष्ट पुढची आहे: या यंत्रांवरचा पंप सहसा दोन टप्प्यांचा असतो. त्यात गिअरच्या दोन जोड्या असतात. दांडा मोकळा सरकत असताना दोन्ही जोड्यांचे तेल सिलिंडरला मिळते, त्यामुळे तो वेगात जातो. ओंडक्याचा विरोध सुरू होऊन दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की मोठ्या जोडीचे तेल आतल्या आत परत वळवले जाते आणि फक्त लहान जोडी सावकाश पण जोरात ढकलत राहते. चढ लागला की सायकलचा गिअर हलका करावा, तसाच हा प्रकार आहे.

आकडे घालून पाहिले तर हे अधिक स्पष्ट होईल. समजा पंप मिनिटाला ४२ लिटर तेल देतो, तो ४५ बार दाबाला टप्पा बदलतो आणि नंतर मिनिटाला साडेदहा लिटर देतो. सिलिंडरचा आतला व्यास १०० मिमी, दांड्याचा व्यास ५० मिमी, दट्ट्याची धाव ६० सेंमी आणि कमाल दाब २०० बार आहे. दट्ट्याचे क्षेत्रफळ साधारण ७८.५ चौरस सेंमी भरते. त्यावरून मोकळा दांडा सेकंदाला सुमारे ९ सेंमी सरकेल आणि पूर्ण बाहेर यायला सात सेकंदांच्या आसपास वेळ घेईल. टप्पा बदलला की वेग सेकंदाला सव्वादोन सेंमीपर्यंत उतरेल, म्हणजेच नवा माणूस ज्याला यंत्र मंदावले म्हणतो ते पुष्कळदा यंत्राचे नेहमीचे वागणे असते. जोराचे म्हणाल, तर ४५ बारला साडेतीन टनांच्या थोडे वर आणि २०० बारला सुमारे १६ टन. सरळ धाग्याचे, बिनगाठीचे लाकूड पहिल्या टप्प्यातच उकलते. गाठी आल्या की दुसरा टप्पा लागतो.

आणखी एक हिशेब ध्यानात ठेवावा. मिनिटाला मिळणारे लिटर गुणिले बारमधला दाब, भागिले ६०० केले की किलोवॉटमधली शक्ती मिळते. वरच्या पंपाला पहिल्या टप्प्याच्या टोकाशी ३.१५ किलोवॉट आणि दुसऱ्या टप्प्याच्या टोकाशी ३.५ किलोवॉट लागतात. सुमारे २०० सीसीचे चांगले इंजिन मिनिटाला ३६०० फेऱ्यांना ४ किलोवॉटच्या जवळपास देते, म्हणजे इंजिन आणि पंप यांची जोडी हिशेबाने, फारशी शिल्लक न ठेवता जमवलेली असते. पेटीवर छापलेल्या टनांच्या आकड्याकडे याच नजरेने पाहावे. सिलिंडरचा व्यास आणि कमाल दाब यांवरून येणारा आकडा खरा. छापलेला त्याहून बराच मोठा असेल, तर उरलेला जोर फक्त जाहिरातीत आहे.

तेल भरणे आणि पहिली सुरुवात

यंत्र सपाट, मोकळ्या जागी उभे करावे. बंद गोदामात किंवा गॅरेजमध्ये इंजिन चालवू नये, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मग सगळे नट-बोल्ट पान्याने एकदा तपासावेत, विशेषतः पंपाचा ब्रॅकेट इंजिनाला धरून ठेवणारे, सिलिंडरच्या पिना अडकवणारे आणि चाकांचे.

इंजिनात पुस्तिकेत सांगितलेले तेल भरावे. या आकाराच्या इंजिनांना सामान्यतः १०डब्ल्यू-३० चालते आणि सुमारे ६०० मिली लागते. बहुतेक इंजिनांत तेल कमी झाले की ठिणगी तोडणारा संवेदक असतो, म्हणून तेलाची पातळी भरणीच्या तोंडाच्या काठापर्यंत हवी. तेलाची पट्टी आटे फिरवून बसवायची की नुसती टेकवून पाहायची, हे पुस्तिकेतून बघून घ्यावे; या क्षुल्लक फरकाने पातळी चुकते.

हायड्रॉलिक टाकीसाठी थंड हवेत ३२ आणि उष्ण हवेत ४६ ग्रेडचे झीजरोधी हायड्रॉलिक तेल योग्य असते. काही उत्पादक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल सुचवतात, तसे असेल तर तेच घ्यावे. दोन प्रकार एकत्र करू नयेत. तेल दांडा पूर्ण आत असताना भरावे, कारण दांडा बाहेर आला की सिलिंडरमध्ये अधिक तेल मावते. वरच्या उदाहरणात दांड्याने अडवलेली जागा जवळजवळ १.२ लिटर आहे. दांडा बाहेर असताना टाकी गळ्यापर्यंत भरली, तर तो आत येताना तेवढे तेल झाकणाच्या श्वासछिद्रातून बाहेर सांडते, आणि मालक गळती शोधत बसतो.

आता स्पार्क प्लगची टोपी काढून स्टार्टरची दोरी दहा-पंधरा वेळा सावकाश ओढावी. याने पंपात तेल खेचले जाते. गिअर पंपाला वंगण त्या तेलाचेच असते, म्हणून तो पूर्ण वेगात कोरडा फिरला तर पहिल्याच मिनिटात त्याच्या पृष्ठभागांवर चरे पडतात. टोपी परत बसवून इंजिन सुरू करावे, ते कमी वेगावर अर्धा मिनिट चालू द्यावे आणि पाचरीसमोर ओंडका न ठेवता दांडा पाच-सहा वेळा पूर्ण बाहेर-आत न्यावा. सुरुवातीला तो धक्के घेत चालेल, कारण सिलिंडरमधली हवा बाहेर पडत असते. रिकामा सिलिंडर साडेचार लिटरांहून अधिक तेल गिळतो, त्यामुळे टाकीची पातळी एकदम खाली जाते. इंजिन बंद करावे, फेस बसू द्यावा, तेल पुन्हा भरावे. मग मात्र काम करताना थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा वेग ठरवणारा खटका, पूर्ण उघडे ठेवावे. इंजिनाला जपायचे म्हणून अर्ध्या वेगावर लाकूड फोडण्याची अनेकांना सवय असते. तिने इंजिन वाचत नाही, उलट भार पडला की ते गुदमरते.

इंजिन सुरूच होत नाही तेव्हा

हा भाग थोडक्यात आटोपतो, कारण क्रम साधा आहे. पेट्रोलचा कॉक उघडा आहे का, बटण चालूवर आहे का, थंड इंजिनाला चोक लावला आहे का, हे पाहावे. त्यानंतर तेलाची पातळी आणि यंत्राचा कल तपासावा. उतारावर उभ्या यंत्रात तेल पुरेसे असूनही संवेदक ठिणगी तोडतो. प्लग काढून पाहावा. तो ओला असेल तर पेट्रोल जास्त झाले आहे, कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. त्याच्या टोकांमधले अंतर सामान्यतः ०.७ ते ०.८ मिमी असावे लागते. दोन-चार मिनिटे चालून बंद पडणारे इंजिन टाकीचे झाकण सैल केल्यावर नीट चालू लागले, तर झाकणातले हवेचे छिद्र बुजलेले आहे.

थंडीत दोरी दगडासारखी जड लागते, कारण पंप इंजिनाला थेट जोडलेला असतो आणि दोरी ओढणारा हात गार, घट्ट झालेले हायड्रॉलिक तेलही ढवळत असतो. हा बिघाड नाही. पातळ ग्रेडचे तेल हाच त्यावरचा उपाय आहे.

भार नसताना इंजिनाचा आवाज लाटेसारखा वरखाली होत असेल, तर त्याला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळत आहे. कार्बोरेटरचे बारीक छिद्र साफ करावे लागते. महिनाभर पडून राहिलेले पेट्रोल हे याचे एक नेहमीचे कारण असते. इथेनॉलचे प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असलेले पेट्रोल अशा छोट्या इंजिनांना बहुतेक उत्पादक मना करतात.

दट्ट्याच्या तक्रारी: आवाज ऐका

खरी डोकेफोड इथे होते, आणि इथेच लोक पाना घेऊन नको त्या स्क्रूकडे धावतात. माझा सल्ला असा की कोणताही स्क्रू फिरवण्यापूर्वी इंजिन भाराखाली कसे वागते ते दोन-तीनदा ऐकावे. दाब तयार झाला की इंजिनावर ओझे पडते आणि त्याचा आवाज जड होतो. आवाज जड होत नसेल, तर दाबच तयार होत नाही. एवढ्या एका खुणेने शोध अर्ध्यावर येतो.

पहिली शक्यता: इंजिन निर्धास्त चालते आणि लिव्हर कशीही हलवली तरी दांडा जागचा हलत नाही. म्हणजे तेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. टाकीत तेल आहे, शोषण नळीवर (टाकीतले तेल पंपाकडे नेणाऱ्या नळीवर) कॉक असल्यास तो उघडा आहे आणि कुठल्या जोडात वाहतुकीचे बूच राहिलेले नाही, याची खात्री करावी. त्यानंतर इंजिन आणि पंप यांचे शाफ्ट जोडणारे कपलिंग पाहावे. इंजिन बंद ठेवून, प्लगची टोपी काढून, ब्रॅकेटच्या खिडकीतून नजर ठेवत दोरी ओढावी. इंजिनाकडचा तुकडा फिरतो आणि पंपाकडचा नाही, असे दिसले तर मधला ताऱ्याच्या आकाराचा रबरी तुकडा झिजला आहे, शाफ्टच्या खाचेतली चावी निसटली आहे किंवा ग्रब स्क्रू (तुकडा शाफ्टवर आवळणारा बिनडोक्याचा स्क्रू) सैल होऊन तुकडा शाफ्टवर मागे सरकला आहे. दोन्ही तुकडे एकमेकांवर घट्ट दाबलेले नसावेत, रबराला एक-दोन मिमी मोकळीक ठेवावी आणि ग्रब स्क्रूला आटेबंद चिकटद्रव लावावा.

दुसरी शक्यता: दांडा चालतो पण रडतखडत, आणि पंप किरकिरतो किंवा शिट्टीसारखा आवाज करतो. पंपाला पुरेसे तेल मिळत नाही किंवा तेलाबरोबर हवा मिळते. शोषण नळीचा क्लॅम्प सैल असला तर यंत्र चालू असताना तिथून तेलाचा थेंबही बाहेर येत नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणून कोरडा दिसणारा जोडही घट्ट करून पाहावा. टाकीतली जाळी नव्या यंत्रातही वेल्डिंगच्या कणांनी किंवा रंगाच्या पापुद्र्यांनी तुंबू शकते. शोषण नळी आतून चपटी होत असेल, तर ती नळी त्या कामाची नव्हेच.

तिसरी शक्यता: मोकळा दांडा झपाट्याने जातो, पण ओंडक्याला टेकला की थांबतो आणि इंजिनाचा आवाज बदलतच नाही. तेल कुठेतरी पळवाट शोधते आहे. एक पळवाट व्हॉल्व्हमधल्या रिलीफची, म्हणजे कमाल दाब गाठला की तेल परत सोडणाऱ्या झडपेची: तिथे कचरा अडकून ती अर्धवट उघडी राहिली असेल किंवा कारखान्यात तिचा दाब कमी लावला गेला असेल. दुसरी सिलिंडरमधल्या दट्ट्याच्या सीलची. तिसरी पंपाच्या दोन टप्प्यांमधल्या लहान झडपेची, जिच्यातून दाबाचे तेल मागे वळते. यांत निवड करायला दाबमापक लागतो. यंत्र वॉरंटीत असेल तर सिलिंडर किंवा पंप स्वतः उघडू नये.

चौथी शक्यता नवख्याला बिघाड वाटते, पण तो बिघाड नसतो. ओंडक्याला टेकल्यावर इंजिन जोर लावते, आवाज जड होतो, दांडा थांबतो आणि व्हॉल्व्हमधून फुसफुस ऐकू येते. रिलीफ उघडली आहे. यंत्र आपला सगळा जोर देऊन चुकले आहे आणि लाकूड त्याहून चिवट निघाले आहे. अशा वेळी लिव्हर पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नये, कारण ती सगळी शक्ती आता तेल तापवण्यात जाते. ओंडका फिरवून गाठ पाचरीपासून दूर न्यावी, किंवा मधोमध फोडण्याऐवजी कडेकडेने ढलप्या काढत आत यावे.

पाचवी शक्यता: ओंडक्याला टेकताच इंजिन धापा टाकत बंद पडते. आधी चोक पूर्ण मागे आहे का, हवेचा फिल्टर मोकळा आहे का आणि थ्रॉटल पूर्ण आहे का ते बघावे. इंजिन निरोगी असूनही प्रत्येक वेळी टेकल्या क्षणीच मरत असेल, तर पंप टप्पा बदलत नाही. मघाचा हिशेब पुन्हा मांडून पाहा: मिनिटाला ४२ लिटर तेल २०० बारला ढकलायचे झाले तर १४ किलोवॉट लागतील, आणि इंजिनाकडे आहेत चार. पंपावरची टप्पा बदलणारी झडप अडकली आहे. ती साफ करायची की पंप बदलून मागायचा, हे विक्रेत्याशी बोलून ठरवावे.

रिलीफच्या स्क्रूला हात लावायचाच असेल, तर पंप आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये शून्य ते ३५० बारचा, ग्लिसरीन भरलेला मापक आधी बसवावा. तेल कोमट झाल्यावर दांडा टोकापर्यंत नेऊन क्षणभर धरावा आणि आकडा वाचावा. तो उत्पादकाने दिलेल्या आकड्यापेक्षा कमी असेल तरच स्क्रू पाव फेरी आत घ्यावा आणि पुन्हा वाचावे. त्या आकड्याच्या वर जाऊ नये. दाब वाढवला की नळ्या, सिलिंडरच्या पिना, तुळईचे (ज्या लोखंडी आधारावर ओंडका ठेवतात तिचे) वेल्ड या सगळ्यांवरचा ताण वाढतो आणि त्यांतले काय आधी तुटेल ते यंत्र सांगत नाही.

लिव्हर परत का येत नाही, किंवा फार लवकर का येते

पुष्कळ यंत्रांत लिव्हर मागे ओढली की ती तिथेच अडकून राहते आणि दांडा पूर्ण आत गेल्यावर आपोआप मध्यावर उडी मारते. दांडा थांबला की दाब वाढतो आणि त्या दाबाने आतली अडकण सुटते. दांडा वाटेतच असताना लिव्हर सुटत असेल तर परतीच्या वाटेत अडथळा आहे किंवा तेल फार घट्ट आहे. थंड सकाळी असे झाले आणि तेल तापल्यावर थांबले, तर काहीच करू नये. उलट दांडा आत पोहोचूनही लिव्हर सुटत नसेल, तर व्हॉल्व्हच्या टोकाच्या टोपीखाली असलेला समायोजन स्क्रू थोडा सैल करावा. ढकलण्याच्या बाजूला मात्र लिव्हर सोडताच मध्यावर आलीच पाहिजे. तसे होत नसेल तर यंत्र त्याच क्षणी बंद करावे.

गळती आणि फेस

दाबाखालची गळती बोटाने चाचपू नये. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निघालेली तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, पण ती शस्त्रक्रियेची तातडीची वेळ असते आणि उशिराने बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. पुठ्ठ्याचा तुकडा जोडाजवळून फिरवावा, त्यावर डाग उमटतो. जोड घट्ट करण्यापूर्वी इंजिन बंद करून लिव्हर दोन्ही बाजूंना हलवावी, म्हणजे अडकलेला दाब उतरतो.

निमुळत्या आट्यांच्या जोडांना द्रव सीलंट लावावे. नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप इथे टाळावी, कारण तिचे तुटलेले धागे व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात. शंकूच्या बैठकीवर बसणाऱ्या किंवा ओ-रिंगच्या जोडांना काहीच लावायचे नसते. हे तीन प्रकार दिसायला सारखे असतात आणि एकमेकांत बळेच फिरवता येतात, ही त्यांची खोड आहे.

तेल दुधाळ दिसले तर एक पेलाभर काढून रात्रभर ठेवावे. सकाळी ते स्वच्छ झाले तर हवा होती, म्हणजे शोषण बाजू तपासावी. दुधाळच राहिले तर पाणी आहे आणि सगळे तेल बदलावे लागेल.

ओंडका, पाचर आणि तुळई

ओंडक्याची दोन्ही तोंडे काटकोनात कापलेली असावीत. तिरप्या तोंडाचा ओंडका दाबाखाली उसळतो, शिवाय ढकलणारी पट्टी तिरकी होऊन तुळईच्या कडा खरवडते. लाकूड नेहमी धाग्याच्या दिशेने, उभे फोडावे. आडवे ठेवून तोडण्याचा प्रयत्न केला तर तुकडा गोळीसारखा उडू शकतो. सरकत्या पट्टीखालचे मार्गदर्शक तुकडे झिजले की पट्टी डोलू लागते, तेव्हा त्यांचे बोल्ट जुळवून घ्यावेत आणि तुळईवर ग्रीसचा पातळ थर ठेवावा.

एकाने ओंडका ठेवावा आणि दुसऱ्याने लिव्हर चालवावी, ही पद्धत वेगवान वाटते, पण ती मला अजिबात मान्य नाही. लिव्हरवाल्याला दुसऱ्याची बोटे कुठे आहेत हे ठाऊक नसते. लिव्हर चालवणाऱ्यानेच लाकूड ठेवावे. डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण हवे. सैल बाह्यांचे हातमोजे नकोत.

फेरफार: काय आधी, काय नंतर

पहिले सुमारे २० तास यंत्र जसे आले तसेच चालवावे आणि त्यानंतर इंजिनाचे तेल बदलावे, कारण नव्या इंजिनातून घासून निघालेला धातू त्या तेलात असतो. किती तास झाले हे अंदाजाने सांगता येत नाही, म्हणून पहिला फेरफार तासमापकाचा करावा. प्लगच्या वायरीला गुंडाळायचा हा छोटा मापक इंजिनाच्या फेऱ्याही दाखवतो. भार नसताना त्या ३६०० च्या आसपास आहेत का हे त्यातून समजते. दाबमापक कायमचा ठेवला तर फारच उत्तम. माझ्या मते या दोन वस्तू बाकी सर्व फेरफारांपेक्षा जास्त उपयोगी आहेत, जरी त्यांनी एकही ढलपी लवकर निघत नाही.

यानंतर सर्वांत सुख देणारी गोष्ट म्हणजे तुळईच्या दोन्ही बाजूंना मेज. फुटलेला अर्धा ओंडका जमिनीवर पडत नाही, त्यामुळे पाठ वाकवावी लागत नाही. मेज अँगल आणि जाळीचा करावा, म्हणजे साल आणि भुसा खाली गळतो. ते तुळईला बोल्टने किंवा क्लॅम्पने जोडावे. तुळईच्या पट्ट्यांना भोके पाडणे आणि तिच्यावर वेल्ड मारणे टाळावे, कारण त्याने तिची ताकद जाते आणि ती वाकडीही होऊ शकते. आणखी एक धोका इथेच सांगतो: काही यंत्रांत चाकांमधला पोकळ आस हीच तेलाची टाकी असते. जिथे भोक पाडायचे तिथे आत तेल नाही, याची खात्री करूनच ड्रिल उचलावे.

परतीच्या वाटेवर फिल्टर नसेल तर तो बसवावा, १० ते २५ मायक्रॉनचा. त्याचा आकार निवडताना मात्र फसगत होते. दांडा आत येताना सिलिंडरच्या मागच्या बाजूने बाहेर पडणारे तेल पंपाच्या प्रवाहापेक्षा जास्त असते, कारण पुढच्या बाजूला दांडा जागा अडवतो. आपल्या उदाहरणात पंपाचे ४२ लिटर आत गेले की ५६ लिटर बाहेर येतात. म्हणून फिल्टर आणि परतीची नळी त्या मोठ्या आकड्याची हवी. लहान फिल्टर लावला तर लिव्हर वाटेतच सुटू लागते आणि मालक व्हॉल्व्हला दोष देतो.

चौधारी पाचर एका धावेत चार तुकडे करते, आणि तिचा मोह सर्वांना होतो. तिला लागणारा जोर साध्या पाचरीपेक्षा बराच जास्त असतो. सरळ धाग्याच्या मध्यम ओंडक्यांना १६ टनांचे यंत्र ती चालवेल, पण गाठाळ लाकडात ती रुतून बसते आणि ओंडका तिच्यावर अडकतो. आडव्या पात्यांची धार उभ्या धारेच्या थोडी मागे असावी, म्हणजे लाकूड आधी उकलते आणि मग चिरते. वर-खाली करता येणारी आणि क्षणात काढता येणारी पाचर घ्यावी. कायमची वेल्ड केलेली नको.

सगळे ओंडके आखूड असतील तर दांडा दरवेळी पूर्ण आत नेण्यात वेळ जातो. त्यासाठी दांड्यावर दोन भागांची अडवणकडी बसवता येते, जी परतीची धाव कमी करते आणि लिव्हरही नेहमीप्रमाणे सुटते. ती दांड्याच्या गुळगुळीत पृष्ठभागाला ओरखडा न पाडणारी असावी, कारण ओरखडा पुढे सील फाडतो.

मोठ्या पंपाचा विचार शेवटी करावा, आणि शक्यतो मागे टाकावा. पंप दुप्पट केला तर पहिल्या टप्प्याची शक्तीही दुप्पट लागते, शिवाय शोषण नळी, व्हॉल्व्ह, फिल्टर, टाकी सगळेच वाढवावे लागते. जोर मात्र तेवढाच राहतो, कारण तो सिलिंडरचा व्यास आणि दाब ठरवतात. सिलिंडर मोठा केला तर जोर वाढेल, पण वेग कमी होईल आणि तुळई तो भार पेलेल असे मानायला आधार नाही.

काही यंत्रांत दोन्ही हात गुंतल्याशिवाय दांडा पुढे जात नाही. पाचरीच्या लाकूडफोडणी यंत्रांसाठीच्या ईएन ६०९-१ या युरोपीय मानकातही दोन्ही हातांचे नियंत्रण येते. त्यातली एक मूठ दोरीने बांधून टाकण्याचा जुगाड फेरफारांच्या यादीत बसत नाही.

बंद ठेवताना

हंगाम संपला की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावे, नंतर कार्बोरेटरच्या वाटीचा स्क्रू उघडून उरलेले थेंब काढावेत. टाकीत पेट्रोल ठेवायचेच असेल तर स्थिरीकरणाचे द्रव घालून इंजिन दहा मिनिटे चालवावे, म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोहोचते. दांडा पूर्ण आत घ्यावा. बाहेर राहिलेल्या क्रोमवर ओल बसून बारीक खड्डे पडतात आणि पुढच्या हंगामात तेच सील कुरतडतात. पाचर आणि तुळईवर तेलाचा हात फिरवावा, इंजिन गार झाल्यावरच आच्छादन घालावे, आणि टाकीच्या श्वासछिद्रावर काही दाबून बसणार नाही हे पाहावे.